वाटाघाटी परक्यांशी, वाटणी आपसांत

कोणताही मोठा व्यापार करार झाला, किंवा होता होता फिसकटला, की आपल्याकडची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: झुकले कोण? जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला तेव्हा स्कॉच व्हिस्कीवरचे १५० टक्के शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे भारताने मान्य केले. या एका कलमावर मुंबईतल्या वृत्तवाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा उरलेल्या सगळ्या करारावर घालवला नाही. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचे अतिरिक्त शुल्क आधी २५ आणि मग ५० टक्के केले, तेव्हा चर्चेची भाषा थेट रणांगणाची झाली. सवलत दिली म्हणजे माघार आणि नकार दिला म्हणजे स्वाभिमान, हे समीकरण सरकारच्या समर्थकांनी वापरले आणि विरोधकांनीही वापरले. मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. व्यापाराच्या वाटाघाटीत देश एका माणसासारखा काही देत नाही आणि घेतही नाही. देशातला एक वर्ग देतो, दुसरा घेतो, आणि कोणी द्यायचे व कोणी घ्यायचे हे परक्या शिष्टमंडळासमोर बसण्याआधी आपल्यातच ठरलेले असते. म्हणून विचारायला हवे ते हे: जे दिले ते कोणाचे होते, जे मिळाले ते कोणाच्या पदरात पडले, आणि ज्याचे गेले त्याच्यासाठी आपण काय केले?

घासाघीस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दादरची मंडई येते, आणि तिथूनच गफलत सुरू होते. मंडईत विकणारा एक असतो आणि घेणारा एक. भाव दोन रुपयांनी उतरला तर ते दोन रुपये एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात आणि हिशेब तिथेच मिटतो. व्यापार कराराच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याच्या खिशातून मात्र काहीच जात नसते. १९४७ साली जिनिव्हात भारतासह २३ देशांनी गॅट हा आयातशुल्के आणि व्यापाराविषयीचा करार केला, तेव्हाची पद्धत पाहिली की हे स्पष्ट होते. प्रत्येक देशाने मागण्यांची एक यादी आणली आणि देऊ करण्याच्या सवलतींची दुसरी. वस्तूमागून वस्तू, जोडीजोडीने बोलणी झाली, आणि एकाला दिलेली सवलत सर्वांना लागू झाली. त्या दुसऱ्या यादीतली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी पोटापाण्याची होती. ती ओळ यादीत घालायची की वगळायची, हा खरा सौदा, आणि तो आजही प्रत्येक देश आपल्या घरातच करतो.

मुंबईला तरी हे नव्याने सांगायची गरज पडू नये. १९३० नंतरच्या मंदीत येनचे मूल्य घसरले आणि जपानी कापड इथल्या बाजारात इतके स्वस्त झाले की मुंबईच्या गिरण्यांना तग धरणे कठीण होऊन बसले. गिरणीमालकांचा आग्रह सुरू होताच. जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरचे आयातशुल्क ७५ टक्क्यांपर्यंत चढवण्यात आले. त्याला उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणेच थांबवले. भारताच्या आखूड धाग्याच्या कापसाला जपानइतका मोठा आधार दुसरा नव्हता, आणि इंग्लंडच्या कापड गिरण्यांचा भाग असलेल्या लँकेशायरच्या यंत्रांना तो कापूस फारसा सोयीचा नव्हता. म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्या वाचवण्यासाठी उचललेल्या पावलाची किंमत वऱ्हाड-खानदेशातल्या कास्तकाराच्या दारात जाऊन उभी राहिली. सिमल्यात आणि मग दिल्लीत महिनोन् महिने बोलणी चालली आणि जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली: जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ३२.५ कोटी वार कापड पाठवता येईल, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. शुल्क उतरून ५० टक्क्यांवर येईल. या करारात झुकले कोण? भारत की जपान? प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण प्रश्नच गैरलागू आहे. मुंबईच्या गिरण्यांनी बाजाराचा एक हिस्सा सोडला आणि त्या बदल्यात कापूस पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक परत मिळाले. इतका उघड, गाठी आणि वार यांच्या मापात मांडलेला अंतर्गत सौदा पुढच्या करारांत क्वचितच दिसतो.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी आणि लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे विल्यम क्लेअर-लीस यांच्यात दुसरा एक समझोता झाला. ब्रिटिश कापडाला शुल्कात झुकते माप आणि बदल्यात लँकेशायरने भारतीय कापसाचा वापर वाढवण्याचे आश्वासन, असे त्याचे स्वरूप होते. राष्ट्रीय चळवळीतून त्यावर कडाडून टीका झाली आणि अहमदाबादचे गिरणीमालकही त्यापासून दूर राहिले. एकाच देशातली, एकाच धंद्यातली दोन शहरे एका कराराकडे इतक्या वेगळ्या नजरेने पाहत होती. अशा वेळी ‘देशाचे हित’ म्हणून जे काही सांगितले जाते ते नेमके कोणाचे असते, हे तपासायलाच हवे.

आता नव्वदएक वर्षे पुढे येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या शुल्कवाढीचा फटका तयार कपडे निर्यात करणाऱ्यांना बसू लागला, तेव्हा त्यांचा कच्चा माल स्वस्त व्हावा म्हणून केंद्र सरकारने आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले; आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. नवा कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. ऐन त्याच महिन्यांत यवतमाळ-अकोल्याच्या शेतकऱ्याची स्पर्धा शुल्काविना आलेल्या परदेशी कापसाशी लागली. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता आणि सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी केंद्रेही होती हे खरे. पण आठ ते बारा टक्के ओलाव्याची अट पावसाने भिजलेल्या कापसाला कशी पाळता येणार, हे त्या केंद्रांवर गाडी घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा निर्णय चूकच होता असे मी म्हणत नाही. कपडे शिवणाऱ्या लाखो कामगारांची रोजी वाचवणे हाही सरकारचा धर्म आहे. माझा आक्षेप असा की १९३४ मध्ये निदान देणारा आणि घेणारा दोघेही करारात नावानिशी दिसत होते. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने लावलेल्या शुल्काचा एक हिस्सा विदर्भाने भरला, आणि आपली सार्वजनिक चर्चा मात्र भारत झुकला की नाही यावरच थांबून राहिली.

यावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलक्यावारी नेत नाही. देवाणघेवाणीची भाषा बरोबरीच्यांत शोभते. बलाढ्य देशासमोर सौदा होत नाही, हुकूम मानावा लागतो, असे म्हणणारे आपल्याच शहराचा इतिहास पुरावा म्हणून दाखवू शकतात. १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क बसले तेव्हा लँकेशायरची तक्रार नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही बरोबर साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला. टिळकांसह अनेकांनी त्याविरुद्ध रान उठवले, तरी तो कर जायला १९२५ साल उजाडावे लागले. तिथे वाटाघाट नव्हतीच, कारण आपल्या बाजूने बोलायला कोणी बसलेलेच नव्हते. २०२५ मध्ये रशियाच्या तेलाचे कारण देऊन जास्तीचे २५ टक्के लादले गेले, त्यातही देवाणघेवाणीपेक्षा दंडाचा भाग मोठा होता. इतके मान्य केल्यावरही मला असे दिसते की ताकद कमी असलेल्याला सौद्याची जाण जास्त लागते. बलवान देशाला चुकीचा सौदा परवडतो; आपल्याला परवडत नाही.

आणि ताकद म्हणजे केवळ बाजारपेठेचा आकार असतो का? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. भारताने जून २०१९ मध्ये २८ अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क लावून उत्तर दिले, आणि त्या वस्तू निवडताना सफरचंद, बदाम, अक्रोड, मसूर, चणे अशा नेमक्या उचलल्या, म्हणजे कळ ठरावीक राज्यांतल्या ठरावीक बागायतदारांना आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींना लागावी. सफरचंदावरचे शुल्क ५० वरून ७० टक्के झाले आणि वाशीच्या फळबाजारात वॉशिंग्टनच्या पेट्यांची जागा इतर देशांच्या मालाने घेतली. जून २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेतले सहा वाद दोन्ही देशांनी मिटवले. आपण जादा शुल्क मागे घेतले आणि अमेरिकेने आपल्या पोलाद-अ‍ॅल्युमिनियमला वाट मोकळी करून दिली. शहाणपणाने वापरलेले हत्यार होते ते. पण त्याचाही घरातला हिशेब राहतोच: हिमाचल आणि काश्मीरच्या बागायतदारांना चार वर्षे जे संरक्षण मिळाले ते त्यांच्यासाठी नव्हते, आणि ते काढले गेले तेव्हा लाभ झाला पोलाद कारखान्यांना.

दुसरे उदाहरण २०१४ सालचे. जागतिक व्यापार संघटनेच्या बाली परिषदेत ठरलेल्या व्यापार सुलभीकरण करारावर भारताने जुलैमध्ये संमती रोखली, कारण सरकारी धान्यखरेदीचा प्रश्न लोंबकळत ठेवला होता. हमीभावाने केलेल्या खरेदीतले अनुदान उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसते की नाही, हे १९८६-८८ च्या किमतींशी तुलना करून ठरवायचे, असा तो नियम आहे. तो आजच्या भावांना लावणे अन्यायाचे आहे हे कोणालाही पटावे. भारताला हटवादी ठरवले गेले, बाजूने उभे राहणारे देश मोजकेच होते. तरीही त्या नोव्हेंबरात, या खरेदीवरून वादात न खेचण्याचे जे अभय २०१७ च्या परिषदेपर्यंतच मिळाले होते ते कायमचा तोडगा निघेपर्यंत टिकेल असे मान्य करून घेतले गेले. बदल्यात आपण दिले काय? सीमाशुल्काची कामे सोपी आणि वेगवान करण्याचे वचन, ज्याचा पहिला लाभ न्हावाशेवाच्या बंदरातून माल पाठवणाऱ्या आपल्याच निर्यातदारांना व्हायचा होता. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही, हेही नमूद करायला हवे. पण जे सोडून द्यायला आपल्याला जड जात नाही ते शेवटपर्यंत हातात धरून जे सोडता येणार नाही ते राखणे, ही कला आपल्याकडे आहे.

काही गोष्टी सौद्यात येताच कामा नयेत, हा दुसरा आक्षेप. अन्न, औषध, दूध. यात मी बराचसा आक्षेपकर्त्यांच्या बाजूचा आहे. पण ‘येता कामा नयेत’ म्हणून त्या येत नाहीत असे नाही, आणि आल्या तर कशाच्या बदल्यात आल्या हे पाहणे अधिकच गरजेचे ठरते. गॅटच्या वाटाघाटींची १९८६ ते १९९४ या काळातली उरुग्वे फेरी आठवा. गॅटचे प्रमुख डंकेल यांनी मांडलेल्या कराराच्या मसुद्याने महाराष्ट्र ढवळून निघाला होता. बियाण्यांवर परदेशी कंपन्यांचा ताबा येणार म्हणून मोर्चे निघत होते आणि शरद जोशी आपल्या शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून उलट बाजू मांडत होते की भारतीय शेतकऱ्याला मिळते ते उणे अनुदान आहे, म्हणजे सरकारी धोरणांमुळे त्याच्या पदरात बाजारभावापेक्षा कमीच पडते, म्हणून खुल्या व्यापाराने त्याचे नुकसान होण्यासारखे फारसे काही नाही. त्या वादाची पातळी आजच्यापेक्षा वरची होती, कारण तो शेतकऱ्याचे काय होईल याबद्दल होता. मात्र त्या गदारोळात मुख्य अदलाबदल फारशी बोलली गेली नाही: आपण औषधांवर उत्पादन-पेटंट, म्हणजे बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे तर औषधावरच पेटंट, मान्य करायचे आणि श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवरचा कोटा उठवायचा.

या अदलाबदलीचे वेळापत्रक कसे होते? कोटा दहा वर्षांत चार टप्प्यांनी उठायचा होता: १९९५ मध्ये १६ टक्के, १९९८ मध्ये १७, २००२ मध्ये १८ आणि उरलेले ४९ टक्के १ जानेवारी २००५ या एकाच दिवशी. कोणत्या वस्तू आधी मोकळ्या करायच्या हे आयात करणाऱ्या देशाने ठरवायचे असल्यामुळे पहिल्या टप्प्यांत बहुतेक अशाच वस्तू निघाल्या ज्यांच्यावर प्रत्यक्षात कोटा नव्हता. उत्पादन-पेटंट लागू करण्याची आपली मुदतही तीच, १ जानेवारी २००५. त्याच दिवशी चीनच्या कापडालाही दार उघडले, म्हणजे आपल्याला मिळालेली सवलत पहिल्या दिवसापासून वाटून घ्यावी लागली. औषधांच्या बाजूने मात्र संसदेने राखायचे ते राखले. २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(ड) आले. जुन्याच औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याशिवाय, नवे पेटंट मिळणार नाही अशी त्याची तरतूद आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात तिचाच आधार घेतला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तीही १९७० च्या पेटंट कायद्याने दिलेल्या मोकळिकीच्या बळावर. करारातल्या शब्दांनी ठेवलेल्या फटी शोधून त्यांतून आपल्या लोकांसाठी वाट काढणे, हाही वाटाघाटीचाच उत्तरार्ध असतो.

म्हणूनच व्हिस्कीवर चाललेल्या चर्चेने मी अस्वस्थ होतो. ब्रिटनशी झालेल्या करारात औषधे उपलब्ध करून देण्याचा अधिक चांगला मार्ग म्हणजे पेटंटधारकाने स्वेच्छेने दिलेले परवाने, अशा आशयाची कबुली आहे. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, स्वित्झर्लंड-नॉर्वे आदी चार देशांच्या गटाशी करार होत असतानाच आपल्या पेटंट नियमांत बदल झाला आणि पेटंटधारकाने त्याचा वापर कसा केला याचे विवरणपत्र दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा देणे पुरेसे ठरले. उद्या एखाद्या महागड्या औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवण्याची सरकारी परवानगी, मागायचा झाला तर पुरावा याच विवरणपत्रांतून मिळतो. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करून राहणाऱ्या कुटुंबांशी ज्याचा संबंध आहे ते कलम कोणते, स्कॉचचे की हे? या सवलती द्यायलाच नको होत्या का, यावर दोन मते असू शकतात. त्या चार देशांच्या गटाशी झालेल्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्टही आपल्याला मिळाले आहे. पण दोन मते पडण्यासाठी आधी विषय चर्चेला यावा लागतो.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांच्या मते आयातशुल्क कमी करणे ही सवलत नसून स्वतःचेच भले आहे. ग्राहकाला माल स्वस्त मिळतो, उत्पादकाला कच्चा माल स्वस्त मिळतो, मग बदल्यात काही मागण्याचा प्रश्न येतोच कुठे? ब्रिटनने १८४६ मध्ये धान्यकायदे रद्द केले ते एकतर्फीच. पण त्याच ब्रिटनने १८६० मध्ये फ्रान्सशी करार करताना फ्रेंच वाइनवरचे शुल्क उतरवले आणि बदल्यात आपल्या कापडासाठी फ्रान्सची दारे उघडून घेतली. जे एरवीही करायचे होते त्याची किंमत वसूल करता येत असेल तर का करू नये? आपल्या बाबतीत तर हे आणखी सोपे आहे. जागतिक व्यापार संघटनेत आपण बांधून घेतलेल्या कमाल शुल्कांची सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास आहे आणि प्रत्यक्ष आकारले जाणारे शुल्क त्याहून पुष्कळ कमी आहे. मधली जागा ही आपली शिल्लक आहे, आणि ती खर्च करताना काही घेऊनच खर्च करावी.

शिवाय ‘ग्राहकाचे भले’ या शब्दांआड कोण उभा असतो ते पाहायला हवे. लातूर-धाराशिवच्या सोयाबीन उत्पादकाला विचारले तर तो मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलाला दोष देईल, आणि आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या, २०१० मध्ये अमलात आलेल्या आसियान कराराला. तपशील पाहिला तर चित्र वेगळे दिसते. त्या कराराने कच्च्या पामतेलावरचे शुल्क टप्प्याटप्प्याने ३७.५ टक्क्यांपर्यंत आणण्याचे बंधन घातले होते. महागाई आवरण्यासाठी ते त्याहून खूप खाली, २०२२ मध्ये साडेपाच टक्क्यांपर्यंत आणले ते आपणच. सप्टेंबर २०२४ मध्ये ते वाढवून २७.५ टक्के झाले आणि मे २०२५ अखेर पुन्हा १६.५ टक्क्यांवर आले. शहरातल्या स्वयंपाकघराला दिलासा देताना मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा भाव पाडण्याचा निर्णय कोणत्याही परक्या देशाने आपल्यावर लादलेला नव्हता. करारावर सगळे खापर फोडले की आपल्या हातांनी केलेली वाटणी नजरेआड होते, आणि हे राज्यकर्त्यांना सोयीचे असते.

नकारालाही किंमत असते, एवढे इथेच सांगून पुढे जातो. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या मोठ्या व्यापार करारातून अंग काढून घेतले. चिनी मालाचा लोंढा आणि न्यूझीलंडचे दूध या दोन्ही भीतींना आधार होता, आणि दूधउत्पादकांच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्य वाटतो. पण त्या दिवशी ज्यांनी पेढे वाटले त्यांनी इचलकरंजी-भिवंडीच्या कापड उद्योगाला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या चाकणच्या कारखान्यांना पुढे कोणत्या बाजारांत शुल्क भरून उतरावे लागेल याचाही विचार करायला हवा होता.

मिळालेली सवलत हाती पडते का, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. २००७ मध्ये अमेरिकेने अठरा वर्षांनी भारतीय आंब्याला दार उघडले आणि आपण त्यांच्या अवजड मोटारसायकलींना वाट दिली. हापूसला लावलेली अट होती कीड मारण्यासाठीच्या विकिरण प्रक्रियेची. ती सोय आधी लासलगावला आणि मग वाशीला झाली. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपने हापूसवर बंदी घातली तेव्हा शुल्काचा काही प्रश्नच नव्हता. देवगडच्या बागायतदाराला करारातून जे मिळाले ते पॅकहाउस, तपासणी आणि शीतसाखळी असेल तरच त्याचे होते.

आणि आपला शब्द? ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात एका अधिसूचनेने बंद झाली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिली. त्यानंतरही ४० टक्के निर्यातशुल्क होते, ते उतरत उतरत १ एप्रिल २०२५ ला संपले. इतर देशांनी आपल्या मालाला खात्रीची बाजारपेठ द्यावी असे आपण जिनिव्हात मागतो, आणि ढाका-कोलंबोच्या व्यापाऱ्याला मात्र लासलगावचा कांदा पुढच्या महिन्यात मिळेल की नाही हे सांगू शकत नाही. विश्वासार्हता ही वाटाघाटीतली पुंजी असते. ती आपण आपल्याच शेतकऱ्याच्या खर्चाने घालवली.

उरतो गुप्ततेचा आक्षेप. आपण कुठपर्यंत उतरू शकतो हे आधीच जाहीर केले तर समोरचा तिथूनच सुरुवात करील, म्हणून हे सगळे चव्हाट्यावर आणता येत नाही. हे अगदी बरोबर आहे. पण गुप्तता आणि सल्लामसलत एकत्र नांदू शकतात. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापासून उद्योग, शेती, कामगार यांच्या सल्लागार समित्या आहेत, आणि त्यांच्या सदस्यांना गोपनीयतेच्या अटीवर मसुदा पाहता येतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार संमत होण्यापूर्वी संसदेच्या २१ कामकाज दिवसांसाठी तो सभागृहासमोर ठेवावा लागतो. भारतात असे काहीच बंधनकारक नाही. करार करणे हा कार्यकारी अधिकार आहे आणि संसदेचे काम राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ खाली त्याच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्यापुरते उरते. यामुळे आपल्या वाटाघाटीकारांचे बळ वाढते असे मानणे भाबडेपणाचे आहे. ‘माझी संसद हे मान्य करणार नाही’ हे वाक्य अमेरिकी प्रतिनिधी प्रत्येक फेरीत वापरू शकतो, आणि ते खरे असते म्हणून चालते. आपल्या प्रतिनिधीच्या पाठीशी अशी भिंत नाही, कारण समोरच्याला ठाऊक असते की दिल्लीत एका मंत्रिमंडळाने हो म्हटले की काम झाले. महाराष्ट्राची स्थिती तर आणखी बिकट आहे. शेती राज्यघटनेने राज्यांकडे दिली आहे, परदेश व्यापार केंद्राकडे. त्यामुळे कापूस, सोयाबीन, कांदा, द्राक्षे यांवर होणाऱ्या सौद्यात ज्या राज्यात ती पिकतात त्याला टेबलाजवळ खुर्ची नाही.

ज्याचे जाते त्याचे काय, याचे उत्तर इतर देशांनी कसेबसे का होईना, शोधले आहे. १९६२ मध्ये केनेडी सरकारने शुल्ककपातीचे अधिकार मागताना आयातीमुळे बेरोजगार होणाऱ्या कामगारांसाठी साह्य योजना त्याच कायद्यात घातली. ती कितीही तोकडी असली आणि २०२२ मध्ये तिची मुदत संपू दिली असली, तरी सौद्याचा खर्च कोणावर पडणार हे त्या कायद्याने मान्य केले होते. युरोपीय संघाने २००७ मध्ये अशाच कारणासाठी निधी उभारला. आपल्याकडे व्यापार करारांशी जोडलेली अशी एकही कायमची तरतूद नाही. गिरणगावच्या लाखो कामगारांची रोजी १९८२ च्या संपानंतर गेली ती काही व्यापार करारामुळे नव्हे, पण एक अख्खा व्यवसाय बुडाला की राज्य आणि समाज त्या माणसांना किती सहज विसरतो, याचा दाखला या शहराला दुसरीकडे शोधावा लागत नाही. २०२५ च्या शुल्काने अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या हिरे-दागिने कारागिरांच्या डोक्यावर तशीच टांगती तलवार आणली, कारण तिथल्या कामाचा मोठा भाग अमेरिकेच्या मागणीवर चालतो.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. प्रत्येक करार सहीपूर्वी संसदेच्या स्थायी समितीसमोर, गोपनीयतेच्या अटीसह, यावा आणि त्यासोबत कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पिकावर, कोणत्या उद्योगावर भार पडेल याचे सरकारचे स्वतःचे लेखी अनुमान असावे. शेतमालाचा संबंध असेल तिथे राज्य सरकारचे म्हणणे लेखी घेतले जावे. कापसावरचे शुल्क माफ करायचे असेल तर माफीच्या त्याच अधिसूचनेबरोबर त्या हंगामातला बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात देण्याचा आदेश निघावा, आणि त्याचा पैसा ज्या निर्यातीसाठी शुल्क माफ झाले त्या निर्यातीच्या प्रोत्साहन तरतुदीतून यावा. वस्त्रोद्योगाला हे जड वाटेल, पण सवलतीचा लाभ घेणाऱ्याने तिचा खर्च उचलावा यात अन्याय्य काय आहे? १९३४ मध्ये गाठी आणि वार एका कागदावर लिहिता आले होते. पुढच्या वेळी कापसाचे शुल्क खाली येईल तेव्हा विधानसभेत विदर्भाच्या आमदारांनी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की हा फरक कोण भरणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.